डावीकडचं दार

मार्केट यार्डासमोर माझी गाडी उभी होती. एक पिकअप मागं येता येता तिच्या डाव्या दारावर आदळला. उतरला तो उंच, उन्हानं रापलेला आणि पार ओशाळलेला.

"चूक माझीच हाय की," मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. "मित्राचं गॅरेज हाय. नव्यासारखं करून देतो."

अजिंक्य. मोडनिंबचा. ठिबकचे पाइप घेऊन सोलापुरात यायचा.

दार खरंच नव्यासारखं झालं... वरून. चार दिवसांत काच अडकली. मी फोन केला.

"काय झालं?"

"काच. खाली जाते, पूर्ण वर येत नाही."

"रुसली असंल."

"कोण, गाडी?"

"...गाडीच की."

मग लॉक आपोआप पडायला लागलं. दर वेळी तो स्वतः घरी येऊन, मला सोबत घेऊन गाडी मित्राकडं न्यायचा. एक नीट व्हायचं, दुसरं बिघडायचं. मी चिडून फोन करायचे आणि ठेवताना हसत असायचे. गॅरेजला जायला कुणी पिवळी ओढणी शोधतं का? मी शोधायला लागले होते.

एका दुपारी माझ्या वडिलांना, आप्पांना, व्यायामासाठी होटगी रोडच्या दवाखान्यात नेलं. अर्धांगवायूनंतर त्यांचा डावा हात लुळा पडला होता. बोलणं फक्त आमच्या घरच्या कानडीत, तेही तुटक. व्हीलचेअर आणायला मी उतरले, दार लावलं, आणि— खट्! चारही लॉक पडले. किल्ली आत. आप्पा आत. बाहेर एप्रिलचं ऊन.

आप्पा घाबरून काचेवर हात आपटायला लागले. मी कानडीत ओरडत होते, रडत होते. त्यांना काही कळेना. मी अजिंक्यला फोन लावला. यार्डातून तो पिकअप पळवतच आला.

काचेला बोटभर फट होती. तिथं तोंड नेऊन तो शांतपणे म्हणाला, "अंजब्याड्री, आप्पा. ना इल्ले अदीनि."

भिऊ नका. मी इथंच आहे.

उच्चार इतके मोडके, की आप्पा थबकून त्याच्याकडं बघतच राहिले. त्यानं स्वतःचा उजवा हात डावीकडं नेऊन लॉकची खुंटी वर ओढल्यासारखं केलं. पुन्हा केलं. आप्पांचा उजवा हात हळूहळू खुंटीपर्यंत पोचला... आणि दार उघडलं.

आप्पा आत व्यायामाला गेले. मी पायरीवर बसून त्याच्यावर तुटून पडले. "तुमच्या मित्रामुळं आज माझे आप्पा—"

"व्हय. मित्र म्हणून मी गप बसलो, चुकलंच माझं. उद्या दुसरीकडं नेतो, सगळं दार खोलून वायरिंग बघूया."

राग ओसरला. मी डोळे पुसले. "कानडी कधी शिकलात?"

"अडतीतल्या मुनीमांकडनं. तुमी आप्पांशी बोलायच्या, मला काय बी कळायचं न्हाय. म्हटलं, पुढं लागंल."

"पुढं म्हणजे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... तुमच्या घरात यायचं तर... काव्या, तुमी मला लई आवडता."

तेवढ्यात आप्पा बाहेर आले. त्याच्याकडं बघत, जड जिभेनं काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?"

"जेवायला बोलावतायत तुम्हाला."

"आन् तुमी?"

मी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं... आणि पहिल्यांदाच त्याच्याशी कानडीत बोलले.

"बर्री."

या. एवढा शब्द त्याला येत होता.