श्वासातले दोन ठोके

गोष्ट २०३९ सालची. तेव्हा बार्शीत डोहाळजेवणाची फुलांची वाडी अजून घरीच गुंफली जायची आणि त्या निमित्ताने अख्खी आळी जमायची. हल्ली तसं जमणं राहिलं नाही.

ओवीला सातवा महिना लागला होता. जिना चढताना ती मध्येच थांबायची. अलीकडे तर आडवं पडलं की जीव घुसमटायचा, म्हणून उशांना टेकून बसूनच झोपायची. सासूबाई, उज्ज्वलाबाई, पाठीवरून हात फिरवत म्हणायच्या, "दोन जिवांची आहेस. धाप लागणारच." त्यामुळे डॉक्टरांना हे सांगावं असं कुणाच्याच मनात आलं नाही.

त्या दिवशी बर्फी-पेढ्याचा खेळ झाला आणि ओवीची नणंद शाल्मली हिने आपल्या प्रयोगशाळेतून आणलेला श्वासपट भिंतीवर टांगला. दिसायला टॉवेलएवढं काळं कापड. समोर बसून संथ श्वास सोडला की हवेतला बारीकसा धक्कासुद्धा त्यावर प्रकाश होऊन उमटायचा.

पहिल्या बसल्या शेजारच्या नकातेकाकू. त्यांचा प्रकाश चिंचोळा होऊन अडखळत निघाला.

"दम्याचा पंप घेताय ना, काकू?" शाल्मलीने विचारलं.

"आहे की. देवघरात ठेवलाय."

"मग देवाचा दमा गेला असेल."

बायका हसल्या. उज्ज्वलाबाईंच्या श्वासात बारीक लहरी घाईघाईने पळत होत्या.

"आई, हे तुझ्या हृदयाचे ठोके. हृदय फुप्फुसांना टेकून असतं ना, दर ठोक्याला त्यांना हलकासा धक्का देतं. तुझ्यात रक्त कमी असणार, म्हणून ते इतकं धावतंय. रक्त तपासून घे."

"म्हणजे आता उपासही सोडू का?"

"आधी ते सोड."

मग फुलांनी मढलेली ओवी बसली. तिने श्वास सोडला आणि पटावर निळसर लाट पसरली. त्या लाटेत हृदयाची लहर होतीच. पण त्या लहरीच्या पोटाशी दुसरी एक लहर होती, केसासारखी बारीक आणि दुप्पट वेगाची.

"ही कुणाची?" ओवीने विचारलं.

शाल्मलीने असं कधी पाहिलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बाळाची, वहिनी."

नकातेकाकूंनी नकळत हात जोडले. न जन्मलेलं मूल आईच्या श्वासातून बाहेर डोकावत होतं, आणि त्या साऱ्याजणी श्वास रोखून त्याच्याकडे बघत होत्या.

शाल्मलीची नजर मात्र पहिल्या लहरीवर गेली. ती दर वेळी चढता चढता अडत होती, आणि भोवतीचा प्रकाश ओल्या काचेसारखा गढूळ होता.

"वहिनी, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता?"

"आला होता. शाळा बुडली होती माझी."

"आई, गाडी काढायला सांग. त्या तापाने हिच्या हृदयाची झडप अरुंद झाली असावी. रक्त फुप्फुसात तुंबतंय."

"अगं, ओटी भरायची राहिलीय. आणि एवढी धाप सगळ्यांनाच..."

"ओटी नंतर भरू. हिला आत्ता न्यायला हवं."

उज्ज्वलाबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला.

पुण्याच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून बारीक फुगा हृदयापर्यंत नेला आणि झडप उघडली. ओवी त्या रात्री आडवी होऊन झोपली. पुढे तिला मुलगी झाली, इरा. ती आता सोलापुरात पोहायला शिकवते. नकातेकाकूंचा पंप पर्समध्ये आला आणि त्या नातवाच्या वरातीत नाचल्या. शाल्मलीने श्वासपट गावोगावच्या आरोग्य केंद्रांत नेला. ओवीला पांढरे केस आलेले तिने पाहिले.

उज्ज्वलाबाईही खूप जगल्या. पण ओवी बाळाला घेऊन घरी आली, त्या दिवशी त्यांनी लेकीला स्वयंपाकघरात बोलावून आपल्या थोरल्या बहिणीविषयी एक गोष्ट विचारली, आणि पुढे अखेरपर्यंत अधूनमधून विचारत राहिल्या.

"आमची नंदाताई आठव्या महिन्यात गेली. तीसुद्धा बसूनच झोपायची गं. आम्ही तिला हेच सांगत होतो, दोन जिवांची आहेस म्हणून. तिच्या श्वासात काय दिसलं असतं?"