भिंतीवरची गिऱ्हाइकं

सलूनवाल्या मामांच्या दुकानासमोर एक लांबलचक भिंत होती. गल्ली पाडून तिथे टोलेजंग इमारती व्हायच्या होत्या, म्हणून एका हसऱ्या चित्रकार मुलीने भिंतीवर गल्लीतली माणसं उतरवायचा घाट घातला. नियम एकच, ज्याने त्याने आपल्या कामातलं काहीतरी रंगवायचं. शिंप्याने सगळ्यांचे सदरे रंगवले, चप्पलवाल्याने चपला. डोकी अर्थातच मामांकडे आली. मामांनी टकल्या पोस्टमनलाही चार केस बहाल केले आणि त्या फुशारकीवर आठवडा काढला.

मग गल्ली पांगली. शिंपी लेकीच्या गावी गेला, मामी मुलाकडे. जाताना मामींनी बजावलं होतं, की खुर्चीत बसायला कोणी उरलं नाही, की मुकाट्याने शटर ओढून यायचं. मामा हो म्हणाले खरे, पण मुलाच्या घरी दिवसभर टीव्हीपुढे बसायची कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. दुकान गेलं तर आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा वाढले ते शिंप्याचे केस, भिंतीवरचे. चांगले कानांवर आले होते. मामांना वाटलं, चित्रकार पोरीने हात फिरवला असेल. तिने तर कधीच ब्रश धुऊन ठेवले होते. मामांनी भिंतीचा रंग कालवला आणि वाढलेले केस त्याखाली झाकून टाकले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच, आणि आता पोस्टमनचे चारही केस खांद्यावर!

मामा आधी टरकले, मग चक्क खूश झाले. रोज सकाळी ब्रश घेऊन भिंतीपाशी जायचे, गप्पा मारत एकेकाला नीटनेटकं करायचे. दुकानात मात्र चिटपाखरूही फिरकत नव्हतं.

ते मामींच्या कानावर गेलंच. एका दुपारी त्या न्यायला आल्या. मामांनी कात्र्या, वस्तरे पिशवीत भरले होते. रडू येत होतं, म्हणून ते भिंतीकडे बघतच नव्हते.

मामी दारातच थबकल्या.

“अहो, गिऱ्हाईक बसलंय आणि तुम्ही आवराआवर कसली करताय?”

मामांनी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

“लेकीकडे करमलं नाही वाटतं, भाऊजी?” मामी खुर्चीकडे बघून हसल्या. क्षणभर थांबून त्यांनी मान डोलावली आणि बाकावर टेकल्या. “आधी यांचं उरका. माणसं अजून येतायत, तर मी कशाला ओढून नेऊ तुम्हाला?”

मामांनी बाहेर पाहिलं. भिंतीवर शिंप्याच्या जागी नुसता चुना होता.

त्यांना हसू फुटलं. पांढरं कापड झटकून त्यांनी खुर्चीवर पसरलं आणि मानेच्या उंचीवर सवयीने गाठ मारली.

गाठ बसली.