चपलांची राखण

विशाखापट्टणमला गेलेला नागपूरचा माणूस आधी चपला सांभाळतो, मग समुद्र पाहतो. त्यातून बाबाराव निवृत्त झालेले. दुसरं सांभाळायला काही उरलं नव्हतं. सत्यवतीबाई नारळ नि खण घेऊन पाण्यात उतरल्या. पहिल्यांदा समुद्र पाहिला की सवाष्णीने त्याची ओटी भरायची, असं त्यांच्या आईचं सांगणं.

"तुमी पन या ना!"

"तू जाय. मी चपला पाह्यतो."

मोठी लाट आली, तेव्हाच एक कुत्रं चपला हुंगायला आलं. बाबारावांनी पाठ फिरवली. कुत्रं हाकलून पुन्हा पाहिलं, तर बाई काठाशी उभ्या होत्या. नखशिखान्त भिजलेल्या आणि हसत.

घरी परतल्यावर बाईंची रोजची कटकट थांबली. एक टोमणा नाही. पाणबुडीचं संग्रहालय ठीक, कैलासगिरीची टेकडी ठीक. पण विशाखापट्टणमचं खरं आश्चर्य हेच, असं बाबाराव कॉलनीत सांगत सुटले.

फक्त... नागपूरच्या मे महिन्यात, ओली चादर दांडीवर टाकून मागे वळेपर्यंत सुकते, तिथे बाईंच्या हिरव्या पातळाचा काठ सुकत नव्हता. त्या दिवसभर कुलरसमोर बसत. कुलरला वाळ्याचा वास राहिला नव्हता. मासळीबाजाराचा येत होता. चपला तर त्यांनी समुद्रावरून आल्यापासून घातल्याच नव्हत्या. भर दुपारी तापल्या गच्चीवर अनवाणी जात आणि मागे ओली पावलं उमटत.

शेजारची मेघा एक दिवस विचारायला आली. "काकू, आमी पयल्यांदाच विशाखापट्टणमले चाललो. काय काय पाह्याचं?"

"दीपगृह पाह्यजो," बाई हळूच म्हणाल्या. "पन खालून. तळातून उजेड येते... जाते... मासे तोंडापाशी येतात. डोये मिटू नोको."

मेघा हसली. बाबारावांना हसू आलं नाही.

आठवड्याने, दुपारीच, मेघाचा व्हिडिओ कॉल आला. "काका, हा पाहा समुद्र!"

तिच्या मागे, कमरेइतक्या पाण्यात, एक बाई उभी होती. तेच हिरवं पातळ. कपाळावर आठ्या. त्या आठ्या बाबाराव लग्नापासून ओळखत होते. ती त्यांच्याकडेच पाहत भांडत होती. आवाज लाटांत बुडत होता. मग तिने पाण्यातून एक पाय वर काढला आणि त्याच्याकडे बोट दाखवलं.

अनवाणी पाय.

बाबारावांनी धावत जाऊन दाराजवळच्या बाईंच्या चपला उचलल्या. स्टेशन... पहिली गाडी...

मागे टपटप पाणी गळलं.

"कुठी निघाले?" गोड आवाज.

"चपला... शिवायले नेतो."

"पाहू."

त्यांच्या हातातून चपला गळून पडल्या. ओले पाय पुढे आले आणि अंगठ्यात अलगद सरकले. बरोब्बर बसल्या.

फोनवरची बाई भांडता भांडता थांबली. तिने आपल्या पायांकडे पाहिलं. आठ्या पुसल्या गेल्या. मग ती वळली आणि खोल पाण्याकडे चालू लागली.

"मेघा! मागं पाह्य! काकूले धर!"

"काका, मागं त कोनीच नाही..."

"बंद करा तो फोन!" बाबारावांच्या कानाशी कुणीतरी खेकसलं. "कवापासून बडबडून राहिले! काही कामधंदा हाय का नाही तुमाले?"

अगदी सत्यवतीबाईंचा आवाज.