सोलेरा परतलं असेल का?

पडदा काळा झाला आणि सॉल्ट लेकच्या त्या थिएटरात क्षणभर कुणालाच काही कळेना. मग मागच्या रांगेतले एक काका मोठ्यांदा म्हणाले, "किछुई बोझा गेलो ना!" काहीच कळलं नाही म्हणे. सगळं थिएटर हसलं. खुर्च्या धडाधड मिटल्या, लोक कुरकुरत दाराकडे निघाले. एवढी वर्षं वाट बघायला लावून हा शेवट?

यामिनी मात्र जागची हलली नाही. तिच्या अंगावरचा काटा अजून उतरला नव्हता.

'सोलेरा'चा हा तिसरा आणि शेवटचा भाग. पहिला आला तेव्हा ती साताऱ्यात कॉलेजात होती. सोलेरा नावाचं जहाज पृथ्वीवरून निघतं, अवकाशाच्या काळोखातून येणाऱ्या एका हाकेच्या शोधात. दुसऱ्या भागात ते भरकटतं, निम्मी माणसं जातात, घराशी असलेला संपर्क तुटतो. आणि आता तिसऱ्यात ते पोचतं... एका अथांग समुद्रापाशी. त्या समुद्राच्या पोटात दिवे लागतात, विझतात, पुन्हा लागतात – जणू समुद्रच श्वास घेतोय. म्हातारी कप्तान त्या उजेडाकडे बघत नुसती उभी राहते. मग जहाज घराकडे वळतं. इकडे पृथ्वीवर, वेधशाळेत सोलेराची वाट बघत बसलेल्या एका मुलीसमोर यंत्राचा काटा किंचित थरथरतो... आणि काळोख. बस्स.

"बाई गं..." यामिनी स्वतःशीच पुटपुटली.

"तुम्ही मराठी?"

दोन खुर्च्या पलीकडे एक उंच, सावळा तरुण बसला होता. तोही उठला नव्हता. तिने डोळे पुसत मान हलवली. त्याने संकोचत पडद्याकडे बोट केलं.

"तुम्हाला... आवडला? मला नाही चांगला लागला."

त्या अवस्थेतही तिला हसू आलं. "पिक्चर लागत नाही हो. लागते ती ठेच."

त्याने जरा विचार केला. "मग ठेचच लागली," तो म्हणाला, अगदी गंभीरपणे.

ह्या उत्तरानंतर त्याच्याबरोबर चहा घेणं भागच होतं.

त्याचं नाव ऋषभ. वडील कस्टम्समध्ये; नागपूरहून बदली होऊन कोलकात्याला आले तेव्हा हा बोट धरून चालत होता. त्यानंतर घरचे इथलेच झाले. आईशी मराठी, मित्रांशी बंगाली, आणि दोन्हींची मधूनच सरमिसळ. तो बंदरात पायलट होण्याचं शिक्षण घेत होता. विमानाचा नव्हे, नदीचा. समुद्रावरून आलेली मोठमोठी जहाजं हुगळीतून वर खिदिरपूरच्या गोदीपर्यंत आणायची, ते काम.

जानेवारीची सकाळ होती. मातीच्या भांड्यातल्या चहाची वाफ आणि बाहेरचं धुकं एकमेकांत मिसळत होतं. यामिनी बोलत सुटली. सेक्टर फाइव्हमधल्या तिच्या कंपनीत सगळे ह्या सिनेमाला नावं ठेवत होते. तिची रूम पार्टनर आभा तर अर्ध्यातूनच उठून आली होती. पण यामिनीचं म्हणणं, इतकं अफाट काही पाहिल्यावर माणूस आणखी काय सांगणार? त्या समुद्रापुढे प्रत्येक उत्तर खुजंच ठरलं असतं.

ऋषभने सगळं ऐकून घेतलं. मग अडखळत, शब्द शोधत त्याने आपलं म्हणणं मांडलं. जहाज सात समुद्र पार करून येतं, पण खरा धोका शेवटच्या नदीत असतो. हुगळीच्या तळाशी वाळू रोज जागा बदलते. काल जिथे खोल पाणी होतं, तिथे आज जहाज रुतू शकतं. म्हणून तर पायलट लागतो. आणि ह्या लोकांनी नेमका तोच टप्पा गाळला.

"ती मुलगी," तो म्हणाला, "काट्याकडे बघणारी. ती इतकी वर्षं बसून राहिली... तिला कुणी सांगितलंच नाही, की ते आले."

यामिनी चहाचा घोट घेता घेता थांबली. तो समुद्र तिने डोळे भरून पाहिला होता, पण ती मुलगी तिच्या नीट लक्षातसुद्धा राहिली नव्हती.

पुढच्या रविवारी दोघं तोच सिनेमा पुन्हा बघायला गेले. थिएटर एव्हाना निम्मं रिकामं होतं. ह्या वेळी दोघांच्या मध्ये मात्र रिकाम्या खुर्च्या नव्हत्या. समुद्र उजळू लागला तेव्हा यामिनीने हळूच शेजारी पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तो निळा उजेड येत होता, जात होता, आणि तो श्वास रोखून कप्तानकडे बघत होता. शेवटी वेधशाळेतली मुलगी आली. ह्या वेळी यामिनीने तिच्यावरून नजर हलवली नाही. काटा थरथरला, मुलीने तोंडावर हात नेला – आणि काळोख झाला तशी यामिनीने न कळत त्याची बाही घट्ट धरली.

"बघ," तो अंधारात कुजबुजला. 'तुम्ही' कधी सुटलं, दोघांनाही कळलं नाही. "आता तुलाही राग आला."

"राग नाही... पण तिला कुणीतरी सांगायला हवं होतं."

"आणि मला तो समुद्र दिसला," तो म्हणाला. "मागच्या वेळी मी जहाजच सांभाळत बसलो होतो."

त्यानंतरचे रविवार कसे सरले ते यामिनीला सांगता आलं नसतं. सियालदह स्टेशनबाहेरच्या गर्दीतून वाट काढत त्याने तिला संत्र्यांचे ढीग दाखवले. तिने त्याला 'ळ' म्हणायला शिकवलं. एकदा तो तिला घरी घेऊन गेला. त्याच्या आईने, श्यामलाकाकूंनी, नव्या गुळाच्या पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि वडील श्रीकांतकाका जेवणभर फक्त नागपूरच्या उन्हाबद्दल बोलले. परतताना मेट्रोत ऋषभचा खांदा तिच्या खांद्याला लागला आणि दोघंही खिडकीबाहेरच्या काळ्या भिंतीकडे फार लक्षपूर्वक बघत राहिले.

आणि अशातच पुण्याचा निरोप आला.

बदलीसाठी अर्ज तिनेच केला होता, मागच्या वर्षी. तेव्हा हे शहर परकं होतं, संध्याकाळी खोलीवर येऊन बोलायला कुणी नसायचं, आणि फोनवर आईचा आवाज ऐकला की घरी पळावंसं वाटायचं. आता मंजुरी आली होती. साताऱ्याला आईला इतका आनंद झाला की तिने शेजारीपाजारी पेढे वाटले. यामिनीने ऋषभला मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू... आभाने एकदा सरळच विचारलं, हाही शेवट अधांतरीच ठेवणार आहेस का? यामिनी तिच्यावर चिडली. चिडली, कारण ते खरं होतं.

त्या शनिवारी ऋषभने तिला खिदिरपूरला बोलावलं. गोदीच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर एक लोखंडी पूल आहे. जहाज जायचं असलं की तो दुभंगतो आणि दोन्ही भाग आकाशाकडे उचलले जातात. ती पोचली तेव्हा पूल वर गेलेला होता. बस, ऑटो, सायकली सगळं थांबलेलं. ती त्याच्याजवळ कठड्याशी जाऊन उभी राहिली.

आणि मग ते आलं.

गोदामांच्या छपरांमागून एक भिंत सरकू लागली. काळी, गंजलेली, तीन मजली घराहून उंच. रस्ता जिथे असायला हवा होता तिथून एक अख्खं जहाज चाललं होतं, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, आणि जवळजवळ आवाज न करता. बसमधले लोक बोलायचे थांबले. एका बाईने लेकराला उंच धरलं. यामिनीने कठड्यावरून पुढे झुकून वर पाहिलं. पडद्यावर पाहिलं होतं ते सगळं ह्यापुढे लहान वाटलं. हे खरं होतं, कुठल्या तरी लांबच्या समुद्राचं मीठ अंगावर घेऊन आलं होतं.

"परवा नदीच्या मुखाशी, सागर बेटापासून मी ह्याच्यावर होतो," ऋषभ हलकेच म्हणाला. "एके ठिकाणी खाली फार थोडं पाणी उरलं. कप्तान घाबरलेला, मीही. माझे गुरू मात्र शांत. आणि त्या वेळी मला... तू आठवलीस."

आता बोलायलाच हवं होतं. तिने जहाजावरून नजर न काढता सगळं सांगून टाकलं. पुणं, अर्ज, मंजुरी, आईचे पेढे. सोमवारी कंपनीला हो की नाही ते कळवायचं होतं.

 गंजलेली भिंत पुढे सरकत राहिली.

"मी तुला थांब म्हणणार नाही," तो शेवटी म्हणाला. "तुझं घर तिकडे आहे. पण न सांगता तुला जाऊ दिलं तर... ते मला जमणार नाही. माझं तुझ्यावर प्रेम आहे, यामिनी. बंगालीत हे मी जास्त बरं म्हटलं असतं."

"मग बंगालीत म्हण."

त्याने म्हटलं. ट्रामच्या जाहिरातीत, गाण्यांत, चहाच्या टपरीवरच्या रेडिओत तिने ते शब्द किती तरी वेळा ऐकले होते. पण कुणी त्यांच्यासाठी असा आवाज खाली आणलेला तिने ऐकला नव्हता. तिच्या कानशिलांपर्यंत ऊब चढली.

"तू आत्ता काही बोलली नाहीस तरी चालेल," तो घाईने म्हणाला. "तुला तसले शेवट आवडतात."

"सिनेमात आवडतात." ती त्याच्याकडे वळली.  "मी पुण्याला जात नाहीये, ऋषभ. आणि फक्त तुझ्यासाठी म्हणून नाही. मी साताऱ्याहून इथे रडत यायचे, आता मला इथून निघावंसं वाटत नाही. हे तू भेटल्यापासून झालंय, ते खरं... आणि माझंही तुझ्यावर प्रेम आहे. झालं, सांगितलं."

आईला हे कसं समजावायचं, ह्याची धास्ती तिला त्या क्षणीही होतीच. आई रागावेल, मग रडेल, मग कधीतरी खोदून खोदून चौकशी करेल. करू दे. आज संध्याकाळीच फोन करायचा, तिने ठरवलं.

ऋषभने तिचा हात हातात घेतला. त्याचा तळवा जहाजांच्या दोरशिड्या चढून-उतरून खरखरीत झालेला होता.

जहाजाची मागची बाजू पुलातून सुटली. वर, फार उंचावर, कठड्याला टेकून एक खलाशी उभा होता. तो कुठल्या देशाचा होता कोण जाणे. खाली थांबलेल्या गर्दीकडे बघून त्याने हात हलवला. तसे बसच्या खिडक्यांतून हात निघाले, सायकलवाल्यांनी हात केले, त्या बाईने लेकराचा हात धरून हलवला. यामिनीनेही मोकळा हात वर केला, आणि जहाज वळून छपरांमागे दिसेनासं होईपर्यंत तो खाली घेतला नाही.