बोलपत्र

आमच्या भूपालला एक खोड आहे. जे मला विचारायचं ते तो दुसऱ्यालाच विचारतो. लहानपणी लाडू हवा असला तरी बहिणीला पुढं करायचा. आता साठीला टेकला, आजोबा झाला, तरी तेच. परवा सांगलीच्या प्रयोगशाळेत मगदूमबाईंना म्हणतो, "मॅडम, आईला सांगा, तिचं यंत्र बिघडलंय."

मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

यंत्र म्हणजे बोलपत्र. पूर्वी लोक मृत्युपत्र करायचे. वकील, साक्षीदार, सह्या. आता ही एवढीशी डबी वर्षभर माजघरात ठेवायची. ती आपलं बोलणं ऐकते आणि कुठल्या शब्दाला आपण काय अर्थ लावतो ते शिकते. हे यंत्र बनवणाऱ्या मगदूमबाई त्याला अर्थवेध म्हणतात. मग आपली इच्छा तोंडी सांगायची. सांगितलेली वेळ आली की डबी आपणहून सरकारी दप्तरात नोंद करते. म्हातारपणी औषधपाणी बघणं, सोबतीला बाई ठेवणं, तेही तिच्याकडंच, म्हणून ती हयातीतही चालते. मी चौथी शिकलेली. वकिलाची भाषा मला कळत नाही, म्हटलं माझी भाषा कुणाला तरी कळू दे.

हळदीचा धंदा सोडताना मी डबीला सांगितलं होतं, "हरिपुरातली आपली तीन पेवं विकायची नाहीत. जमिनीखाली इतकी वर्षं हळद राखलीय त्यांनी. माझ्या मागं जो विकायची भाषा करील, त्याचा वाटा त्याच्या बहिणीला."

सोमवारी मी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेले होते. तेवढ्यात भूपालनं डबीला हळूच विचारलं, "पेवांची जागा हॉटेलवाल्याला विकायची तर काय करावं लागेल?" मी घरी येईपर्यंत त्याचा वाटा त्याच्या बहिणीच्या, तारामतीच्या नावावर गेला होता.

"मॅडम, 'माझ्या मागं' म्हणजे मेल्यानंतर," भूपाल म्हणाला. "आई तर ठणठणीत आहे." हेही त्यानं तक्रारीच्या सुरातच सांगितलं.

मगदूमबाईंनी वर्षभराच्या नोंदी उघडल्या. "अक्का, मरणाबद्दल तुम्ही अकरा वेळा बोललात. दर वेळी 'डोळे मिटल्यावर' म्हणालात. 'माझ्या मागं' मात्र दोनशेवर वेळा. माझ्या मागं दूध उतू गेलं. माझ्या मागं कोण आलं होतं. माझ्या मागं भूपाल कुणाशी बोलतो. म्हणजे पाठ वळल्यावर. यंत्रानं तुमचाच अर्थ घेतला. पण चूक वाटत असेल तर तुमच्या एका शब्दानं नोंद फिरेल."

त्या दिवशी माझ्या मनात नेमकं काय होतं, ते मलाही आठवेना. पण डोळे मिटल्यावर हा काय करील, ते मी उघड्या डोळ्यांनी बघून घेतलं. एवढी सोय कुठल्या वकिलानं केली असती? मला बरंच वाटलं.

"बोल, तुझं काय म्हणणं आहे?" मी भूपालला विचारलं.

तो मगदूमबाईंकडं वळला. "मॅडम, आईला सांगा..."

"मॅडमला नको, मला सांग," मी म्हणाले. "मी आहे तोवर घर तुझं, पानावरचा पहिला वाढा तुझा. हवं ते समोर येऊन माग, एखादवेळी देईनही. माझ्या मागं तुझं काही नाही."