पांढऱ्या मुठीचा वस्तरा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५. किमान तापमान पंधरा. तळ्यावर विरळ धुकं, वारा नाही.

यज्ञेश्वरच्या वहीत त्या दिवसाची पहिली ओळ ही आहे. बावीस वर्षं तो रोज वही लिहीत आला होता आणि तारखेखाली हवामान लिहिल्याशिवाय त्याचं पेन पुढं सरकत नसे. त्या सकाळी तो रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या, तळ्याजवळच्या घरातून स्कूटरवर निघाला, ते अगदी साध्या कामाला. वडिलांच्या दाढीसाठी वस्तरा आणायला.

वडील म्हणजे नाना. वय चौऱ्याऐंशी, रेल्वेत गार्ड होते. तीस वर्षं दर रविवारी पुरानी बस्तीतला पुनाराम नाई घरी येई आणि अंगणात पाट टाकून नानांची दाढी करी. भादव्यात पुनाराम वारला. तेव्हापासून यज्ञेश्वर प्लॅस्टिकच्या रेझरनं नानांची दाढी करायचा आणि दर वेळी त्यांच्या कागदासारख्या पातळ कातडीवर रक्ताचे ठिपके उठायचे. नाना तक्रार करत नसत. गालावरून हात फिरवून एवढंच म्हणायचे, की पुनारामसारखी नाही झाली. दसऱ्यापासून त्यांचं उठणं-बसणं कमी झालं, तेव्हा यज्ञेश्वरनं मनाशी ठरवलं की वस्तरा आपण शिकायचा. आधी स्वतःच्या गालावर, मग नानांच्या.

पुनारामच्या सुनेनं, पूर्णिमानं, सासऱ्याची पेटी पुढं ठेवली. आतल्या वस्तऱ्याचं पातं गंजानं खाऊन टाकलं होतं. यज्ञेश्वर हिरमुसून उठला, तेवढ्यात त्याला घराबाहेर वळचणीखाली खिळ्याला टांगलेलं पांढरं फडकं दिसलं. फडक्यात दुसरा वस्तरा होता. पांढरी मूठ, तिच्या टोकाचा टवका उडालेला, पण पातं आरशासारखं लख्ख.

"वो वाला ससुरजी घर के अंदर नहीं लाते थे, भैया," पूर्णिमा म्हणाली.

का, ते तिला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हापासून तो तिथंच होता. घरात लहान मुलं आहेत म्हणून बाहेर ठेवत असतील, असा हिशेब यज्ञेश्वरनं केला आणि आग्रह धरला. शेवटी तिनं तो काढला, पण हातात दिला नाही, जमिनीवर ठेवला. त्यानं वाकून उचलला. वहीत लिहिलं: पातं उत्तम.

दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली डोकेदुखी.

मोबाईलवर पाहून त्यानं सगळं टिपून घेतलं होतं. गरम पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं. चामड्याच्या पट्ट्यावर पातं साठ वेळा फिरवायचं. डाव्या हातानं गाल ताणायचा, पातं किंचित तिरपं धरायचं, केसांच्या दिशेनं हलकेच खाली आणायचं. सकाळी साडेसहाला मागच्या न्हाणीतला दिवा लावून तो हे सगळं बिनचूक करायचा. डोक्याचा एक केस हवेत धरून पात्याला लावला की केसाचे दोन तुकडे व्हायचे. आणि तेच पातं गालावर ठेवलं की चमच्याची पाठ फिरावी तसं फिरायचं. फेस निघायचा, खुंट तसेच.

त्यानं साबण बदलला. पट्ट्यावर साठाचे शंभर केले. पातं आणखी आडवं धरलं, मग उभं धरलं. चार दिवसांत हनुवटीवर तीन ठिकाणी कातडी कापली गेली आणि दाढी एका केसानंही कमी झाली नाही. तो चिडून तुरटी फिरवत बाहेर आला, तेव्हा त्याची बायको विजया पोळ्या लाटत होती.

"साबण खाऊन राहिला तुमचा वस्तरा," ती म्हणाली. "दाढी काही त्याले आवडत नाही."

पाचव्या दिवशी नाश्त्याला यशदीप त्याच्याकडं बघतच राहिला. यशदीप त्याचा मुलगा, वय सव्वीस, नवा रायपुरात नोकरीला. "पापा," तो म्हणाला, "मूँछ टेढ़ी काट दी आपने. नाना देखेंगे तो आपकी क्लास लगेगी."

क्लास लागलीच असती. बाप जिवंत असताना मुलानं मिशी काढायची नाही, ही त्या घराची रीत होती. ती निघायची ती बाप गेल्यावर, दहाव्याला, घाटावर. त्यामुळं यज्ञेश्वरला झुबकेदार मिशी होती आणि फॅशनच्या नावानं मिशीला नाक मुरडणाऱ्या यशदीपनंही नानांच्या धाकानं ती ठेवली होती. आता तो ती मेण लावून राखत असे.

यज्ञेश्वर आरशापुढं गेला. मिशीचं डावं टोक खरंच आखूड होतं. तो तर वस्तरा ओठापासून दोन बोटं लांब ठेवत आला होता. त्यानं पट्टी आणून नाकाखालच्या खळीपासून मोजलं. उजवीकडं चार पूर्णांक आठ सेंटीमीटर. डावीकडं चार पूर्णांक दोन. हात घसरला असेल, असं त्यानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजू चार भरल्या. तिसऱ्या दिवशी साडेतीन. बेसिनमध्ये दाढीचा एक खुंट नव्हता. होते ते लांब, काळे, मिशीचे केस. आणि न्हाणीत साबणाच्या वासाखाली आणखी एक वास यायला लागला होता... ओल्या राखेचा आणि तिळांचा.

वहीच्या त्याच पानांवर नानांचंही टिपण होतं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. दहा तारखेला पोळ्या दोन. चौदाला दीड. सोळाला एक. सतराला अर्धी. दोन्ही टिपणं शेजारी शेजारी उतरत होती, आणि इतक्या काटेकोर माणसाला ते दिसलं नाही.

सतरा तारखेला सोमवारी तो पट्ट्यावर पातं फिरवत होता. सप्... सप्... सप्... आतल्या खोलीतून नानांनी हाक मारली.

"यज्ञा... ते थांबव. वस्तरा दाखव मले."

त्यानं नेऊन दाखवला. नानांनी हात लावला नाही. मान तेवढी वळवून बराच वेळ बघितलं.

"टवका उडाला आहे ना टोकाचा? घरात काहून आणला हा?"

"पुनारामचाच आहे, नाना. तुमच्यासाठीच..."

"पुनारामचाच आहे. घाटावरचा." नानांना धाप लागली होती. "माझा बाप गेला तेव्हा ह्यानंच माझी मिशी घेतली. अठ्ठ्याहत्तर साली. दहाव्याचा वस्तरा वेगळा असते रे. जित्या घरात आणत नाहीत."

यज्ञेश्वरनं वस्तरा फडक्यात गुंडाळून लोखंडी कपाटात कुलपाआड ठेवला आणि किल्ली जानव्याला बांधली. दाढी करायचीच नाही, असं ठरवलं.

एकोणिसाच्या पहाटे अर्धवट झोपेत त्याला जाणवलं, की कोणीतरी त्याच्या नाकाचा शेंडा दोन बोटांत धरून वर उचलतंय. मिशी काढताना नाई उचलतात, तसाच. बोटं गार होती, तुरटी लावलेली. डोळे उघडेपर्यंत ती सुटली. त्यानं पट्टी घेतली. डावी दोन पूर्णांक एक, उजवी दोन. कपाट उघडून फडकं सोडलं. पातं ओलं होतं.

भीतीपेक्षा संताप जास्त होता. ज्या हातानं बापाचे गाल गुळगुळीत करायचे, त्याच हातानं काय घरात आणून ठेवलं? त्याच सकाळी तो पुरानी बस्तीत गेला आणि वस्तरा परत घे म्हणाला. पूर्णिमा दारातच उभी राहिली. तिनं मधल्या काळात मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना विचारलं होतं.

"अधूरा नहीं लौटता ये," ती खाली बघत म्हणाली. "एक बार उठा लिया, तो मूँछ लेके ही लौटता है, भैया."

पुढचे तीन दिवस नाना नुसत्या पेजेवर होते. यज्ञेश्वर पहाटे खुर्चीत जागा बसायचा, ओठावर रुमाल बांधून. तरी डोळा लागायचाच. बावीस तारखेला मिशी दोन्हीकडं एक पूर्णांक एक उरली. त्यानं नानांच्या उशाशी बसून सगळं सांगून टाकलं, मोजमापांसकट. नाना ऐकत होते. मग हसले.

"त्याले मिशीच पाहिजे ना? माझी दे."

"नाना..."

"माझा बाप जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली. माझी मिशी गेली तर आता कोणाचं काय जाते? उद्या रविवार आहे. दाढीही होऊन जाईल."

रविवारी, तेविसाला, त्यानं अंगणात आरामखुर्ची ठेवली. धुक्यात समोरची भिंत दिसत नव्हती. विजयानं नानांना शालीत गुंडाळून आणलं. यज्ञेश्वरनं टॉवेल ठेवला, फेस लावला, गाल ताणला, आणि पातं टेकवताच त्याला कळलं की आज हे कापतंय. कागदावरून पेन जावं तसं ते जात होतं. गाल, जबडा, गळ्याच्या सुरकुत्या. रक्ताचा ठिपका नाही. दोन आठवडे जे जमत नव्हतं ते सात मिनिटांत झालं.

मग त्यानं नानांच्या नाकाचा शेंडा दोन बोटांत धरून उचलला. ही पकड त्याला कोणी शिकवली नव्हती. पांढरी मिशी दोन फटकाऱ्यांत उतरली.

नानांनी गालावरून हात फिरवला. उलट्या बाजूनंही फिरवला.

"पुनारामसारखी झाली," ते म्हणाले.

दुपारी यज्ञेश्वरनं वस्तरा नेला. पूर्णिमानं पातं फडक्याच्या टोकानं टिपलं, पांढरे केस बघितले आणि होकाराची मान हलवली. "हव," ती म्हणाली. त्यानं स्वतःच्या हातानं तो वळचणीखालच्या खिळ्याला टांगला. संध्याकाळी नानांनी एक पोळी खाल्ली. सोमवारी यज्ञेश्वरची मिशी एक पूर्णांक एक होती, मंगळवारीही तेवढीच. गुरुवारी नाना धरून धरून अंगणात आले. यज्ञेश्वर मात्र थकला होता. पंधरा दिवसांची दगदग भोवली, असं विजया म्हणाली, आणि त्यानं टाकलेली पोळी गाईसाठी बाजूला ठेवली.

तीस तारखेला नाश्त्याला नाना खुर्चीवर बसले होते. यशदीप कुरकुरत बाहेर आला. ट्रिमर बिघडलाय, मिशी एका बाजूनं खातोय, असं म्हणत होता.

"और सपने भी अजीब आ रहे हैं, पापा," तो हसून म्हणाला. "कोई नाक पकड़के ऊपर उठाता है. ठंडी उँगलियाँ..."

नानांचा हात ताटातच थांबला. यज्ञेश्वर उठला आणि पट्टी घेऊन आला.

रविवार, ३० नोव्हेंबर. किमान तापमान अकरा. धुकं दाट, वारा नाही. यशदीप: डावी ४.१, उजवी ४.४. नाना: पोळ्या दोन. मी: दीड.