कारधा डिस्को अन् माझा बेंजो

तो पहिल्यांदा दुकानात आला तवा मी बेंजोच्या तारा कसून राहिली होती. सानगडीच्या बाजारात माझ्या धनीराम काकाजींचं साउंडचं दुकान आहे, अन् धुमाल पार्टीही त्यांचीच. म्हणजे ढोल-ताशे अन् बटनं दाबून वाजवायचा बेंजो घेऊन वरातीपुढं वाजवत जायचं.

"ओ मॅडम, हा शादीवाला टाइपरायटर जरा बाजूले ठेवा न. माझी केबल जोडून द्या."

मी वर पाहिलं. कुरळे केस, पाठीवर गिटार, अन् हसणं असं का दोन लावाव्या वाटल्या.

"बेंजो म्हणतात याले. अन् येथची मिस्त्री मीच आहो. एक घंटा लागन."

"एका केबलले एक घंटा?"

"केबलले पाच मिनिट. बाकीचा घंटा टाइपरायटर म्हणल्याचा."

तो खरंच बसला... पूर्ण घंटा. नाव अंकुश, गाव कारधा. त्याचा चौघांचा बँड होता, 'कारधा डिस्को'. ठेका डिस्कोचा, गिटार फंकची, अन् वरतून तुर्की, थायलंड, आफ्रिका, कुठकुठच्या जुन्या धुना. "सायकेडेलिक," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे गाणं आयकता आयकता जमीन थोडीशी हलते."

मी बेंजोवर एक धून वाजवली, वरातीतलीच, पण आवाज थरथरवून, लांबवून. तो हसायचा थांबला.

"हलली?" मी विचारलं.

"...हलली."

मग त्याची केबल सारखीच तुटू लागली. तिसऱ्या डावाले मी तुटकं टोक उजेडात धरलं.

"उंदरानं खाल्ली," तो म्हणाला.

"कारध्याचे उंदीर ब्लेडनं खातात का?"

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असतीन, पण मी केस मोकळे सोडून बसली होती.

"मग काय सांगून येऊ?" तो हळूच म्हणाला. "मंडईच्या जत्रेत आमाले स्टेजवर अर्धा घंटा भेटला आहे. तू वाजवशील... आमच्यासंगं?"

दहावीत मी शाळा सोडली, कारण बाकावर बसवतच नव्हतं. मले एकच पाहिजे होतं, चारचौघांत वाजवायचं. काकाजींच्या पार्टीतला एक-एक बाजा मी सुरात लावते, पण वरातीत? पोरगी वरातीत वाजवत नाई, संपलं.

मी काकाजींसंगं भांडली. एक दिवस जेवली नाई. शेवटी काकाजी म्हणाले, "एक डाव. लोक थांबले त पुढचं पाहू. निघून गेले, त बेंजो पेटीत अन् तू लाखनीच्या शिलाई क्लासात. कबूल?"

"कबूल!" तोंडातून निघूनच गेलं.

दिवाळीनंतरची मंडई, भर दुपार. जिलेबीचा वास, धूळ, पाळणे, अन् पलीकडं दंडारीचा नाच चालू. इकडं आमचं स्टेज. अंकुश गिटारवर, रीनाताई ड्रमवर, मोनू अन् जीवन दोन कीबोर्डवर. माझा नंबर तिसऱ्या गाण्याले.

पहिलं गाणं झकास झालं. गर्दी जमली. गाणं संपलं, अन् हे चौघं उभे राहिले टाळ्यांची वाट पाहत. मंडईत कोण टाळ्या वाजवते? आवाज बंद म्हणजे कार्यक्रम बंद. लोक दंडारीकडं वळले. दुसऱ्या गाण्यालेही तेच. समोर पंधरा-वीस जण उरले, अन् कडुलिंबाखाली हाताची घडी घालून काकाजी.

माझं डोकं फिरलं, मी बेंजो घेऊन स्टेजवर चढली. "थांबता काहून रे तुमी?"

"गाणं संपलं न," अंकुश म्हणाला.

"वरातीत गाणं संपत नाई! थांबलं का वरात मोडते. एकातून दुसरं काढायचं. अन् गिटारकडं नको पाहू, लोकायच्या पायांकडं पाह. पाय थकले का चाल बदल. ठेका मात्र सोडायचा नाई. रीनाताई, मी मान हलवीन तवा बदला!"

"अन् चुकलो त?" त्यानं विचारलं.

"चुकत चुकत वाजव. थांबू नको!"

मी बेंजो छेडला. वरातीची धून, खालून डिस्कोचा ठेका, अन् अंकुशची गिटार अशी दमदम चालली का बोटं माझी अन् दम त्याचा. एका धुनेतून तुर्की निघाली, तुर्कीतून दंडारीची चाल. चालते पाय थांबले. थांबलेले वळले. शिंगाडे विकणारी रंभाबाई डोक्यावर टोपली घेऊनच डोलू लागली, एक शिंगाडा पडला नाई! मग घुंगरं वाजली... दंडारीचे नाचणारेच आमच्यापुढं येऊन नाचून राहिले होते. अर्ध्याचा पाऊण घंटा झाला, कोणी उतरवलं नाई. मी फक्त कडुलिंबाखाली पाहत होती. काकाजींच्या हाताची घडी सुटली. मग चप्पल हलली. मग दोन्ही पाय!

खाली उतरल्यावर त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्यानं घाम पुसला, माझा नाई, स्वतःचा. "तुळशीच्या लग्नानंतर पवनीले वरात आहे," ते म्हणाले. "सगळ्यात पुढं तू राहशील."

मी न भांडता मान हलवली. जल्मात पहिल्यांदा.

अंकुश बाजूले येऊन उभा राहिला. केस घामानं कपाळाले चिकटलेले. "हर्षा... पुढंही राहशील न? माझ्यासंगं?"

"बँडमधी?"

त्यानं खाली पाहिलं. मग वर. "बँडमधी बी."

"एवढं बोलाले दोन महिने लागले तुले?" मी भडकली, अन् भडकता भडकता त्याचा हात धरला. भर मंडईत, काकाजींसमोर, अख्ख्या सानगडीसमोर.

पाहू दे.